दार तर उघडंच होतं ना!

सोमवारी सकाळी कुठल्याही ऑफिसच्या पँट्रीत जाऊन उभे राहा. कॉफी मशीनपुढे रांग असते आणि रांगेत वीकेंडच्या एपिसोडची चर्चा. कोण रडलं, कोण कोणावर धावून गेलं, कोणी कोणाच्या वाट्याची अंडी खाल्ली... आणि दर वेळी, अगदी दर वेळी, कोणीतरी एक शहाणा (किंवा शहाणी) कपात साखर ढवळत तो डायलॉग टाकतोच, “एवढा त्रास होतोय तर निघून यायचं ना बाहेर! बांधून ठेवलंय का कोणी?”

बात में दम है, असं पटकन वाटून जातं. सगळे सज्ञान लोक. स्वतःच्या पायांनी आत गेलेले, काँट्रॅक्टवर सही केलेले. मग तक्रार कसली? आजचा कॉलम या एकाच प्रश्नावर. कारण या शोमध्ये माणसं राहतात कशी, खातात काय, झोपतात किती, हे जरा खोलात जाऊन बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. दाराला कुलूप नसतंच. फक्त दारापर्यंत चालत जायला जे जे लागतं, ते आधीच काढून घेतलेलं असतं.

किती वाजले?

सुरुवात आपल्या ओळखीच्या घरापासून करू. ‘बिग ब्रदर’ नावाचा हा प्रकार सप्टेंबर १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झाला. अल्मेरे नावाच्या गावात एक घर, आत एकमेकांना अनोळखी माणसं आणि जिकडेतिकडे कॅमेरे. २००६ च्या नोव्हेंबरमध्ये तो ‘बिग बॉस’ होऊन आपल्याकडे आला, तेव्हा चॅनल होतं सोनी आणि होस्ट होता अर्शद वारसी. पाठोपाठ जानेवारी २००७ मध्ये आपली शिल्पा शेट्टी इंग्लंडच्या ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये वर्णद्वेषी टोमणे ऐकून, रडून आणि शेवटी जिंकून बाहेर आली. ज्यांनी हा शो कधी पाहिला नव्हता, त्या आज्यांनाही त्याचं नाव पाठ झालं. मराठीत महेश मांजरेकर शनिवार-रविवारी शाळा घ्यायला आले, ते एप्रिल २०१८ मध्ये. लोणावळ्याला आपण चिक्की आणायला जातो, तिथेच अनेक सीझन हे घर उभं राहायचं. नंतर ते गोरेगावच्या फिल्मसिटीत आलं.

घर दिसायला झकास. स्विमिंग पूल, झगमगीत सोफे, अमुक थीम, तमुक थीम. पण त्या घरात काय काय नाही, याची यादी करून बघा. घड्याळ नाही. फोन नाही. टीव्ही नाही, पेपर नाही. सुचलेलं टिपून ठेवायला कागद-पेन नाही. दुपारी कोणाचा डोळा लागला, की स्पीकरवर कोंबडा आरवतो, नाहीतर कुत्री भुंकायला लागतात. अंगावर कायम माईक. तो काढून कोपऱ्यात कुजबुजलात की वरून आवाज, माईक लावा! किराणा मोजून मिळतो आणि थोडं चांगलंचुंगलं हवं असेल तर टास्क जिंका. दिवे कधी विझवायचे आणि सकाळ कधी करायची, तेही वरूनच ठरतं.

माझा एक मित्र काही महिने अशाच एका शोच्या कंट्रोल रूममध्ये लॉगर होता. लॉगर म्हणजे स्क्रीनसमोर बसून, कोण काय बोललं, कोण रडलं, कोण हसलं, हे टाइमकोडसकट टाइप करत राहणारा माणूस. एडिटरला हजारो तासांच्या फुटेजमधून तेवढीच मिनिटं काढायची असतात, त्यासाठी. तो म्हणायचा, “आरशाच्या आमच्या बाजूला बायोमेट्रिक होतं, पलीकडे घड्याळसुद्धा नव्हतं.” त्याला शिफ्ट होती, कँटीन होतं, रात्री घरी सोडायला गाडी होती. त्याची अजून एक गंमत. भांडण कधी होणार हे तो आधीच सांगायचा. ज्योतिष नाही, राव! जेवण लांबलं आणि आदल्या रात्री झोपायला उशीर झाला असेल, तर आवाज चढणारच, एवढं साधं गणित. आपल्या घरी काय वेगळं होतं? चहा वेळेवर मिळाला नाही तर बाबा कसे वागतात, आठवून बघा.

म्हणजे ज्याला आपण ‘हिचा स्वभावच तसला’ किंवा ‘हा किती ॲग्रेसिव्ह आहे’ म्हणतो, त्यातला बराचसा भाग भुकेचा आणि जागरणाचा असू शकतो. कॅमेरा चेहरा दाखवतो. रिकामं पोट दाखवायची सोय त्यात नाही.

वांग्याची गोष्ट

आता जरा लांब, जपानला जाऊ. आत्तापर्यंतच्या सगळ्या शोंचा आजोबा शोभेल असा एक प्रकार तिथे १९९८ मध्ये झाला.

तोमोआकी हामात्सु नावाचा एक धडपडणारा तरुण कॉमेडियन. लांबट चेहऱ्यामुळे त्याचं टोपणनाव पडलं नासुबी, म्हणजे वांगं. ऑडिशनला गेला, तिथे चक्क चिठ्ठी काढून निवड झाली. मग डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला टोकियोतल्या एका छोट्याशा खोलीत नेलं आणि अंगावरचे सगळे कपडे काढायला लावले. खोलीत होता मासिकांचा ढीग आणि कोरी पोस्टकार्डं. नियम एकच. मासिकांतल्या बक्षीस योजनांना पोस्टकार्डं पाठवायची आणि जे बक्षीस लागेल त्यावर जगायचं. खाणं, कपडे, सगळं. बक्षिसांची किंमत दहा लाख येन झाली की सुटका.

बक्षिसं लागायची, पण कसली? तांदूळ लागले, तर शिजवायला भांडं नाही. एकदा कुत्र्यांचं खाणं लागलं, मग कित्येक दिवस तेच खाल्लं. कपडे मात्र घालता येतील असे काही लागलेच नाहीत. दिवस गेले, महिने गेले. त्याला सांगण्यात आलं होतं, की यातलं बरंचसं कदाचित टीव्हीवर दिसणारही नाही. प्रत्यक्षात दर आठवड्याला कोट्यवधी जपानी लोक त्याला बघून खदाखदा हसत होते. त्याची डायरी छापून बाजारात आली, तुफान खपली. आणि हा बाबा आतमध्ये एकटा पोस्टकार्डं लिहितोय!

३३५ दिवस लागले. टार्गेट पूर्ण झालं, तर त्याला फिरायला म्हणून दक्षिण कोरियात नेलं आणि तिथे पुन्हा एका खोलीत बसवलं. आता परतीच्या तिकिटाएवढी बक्षिसं मिळव! तेही त्याने केलं. शेवटी जपानला आणून अजून एका खोलीत सोडलं. सवयीने त्याने कपडे उतरवले, आणि खोलीच्या भिंती चारी बाजूंनी खाली पडल्या. समोर प्रेक्षकांनी भरलेला स्टुडिओ. टाळ्या, शिट्ट्या, हशा.

२०२३ मध्ये या सगळ्यावर ‘द कंटेस्टंट’ नावाची डॉक्युमेंटरी आली. त्यात नासुबी स्वतः बोलतो. त्याच्या खोलीला कुलूप नव्हतं. तो कधीही उठून बाहेर जाऊ शकत होता. पण काही दिवसांनी बाहेर पडायची ताकदच मनात उरली नव्हती.

हे ऐकून मी पॉज करून बसले होते. कारण पँट्रीतल्या त्या डायलॉगला इतकं थेट उत्तर मी दुसरीकडे कुठे ऐकलं नव्हतं. निर्णय घ्यायला डोकं लागतं, डोक्याला झोप आणि अन्न लागतं, आणि “अरे हे काय चाललंय, चल घरी” असं सांगणारं एक तरी आपलं माणूस लागतं. हे तिन्ही काढून घ्या आणि मग खुशाल दार सताड उघडं ठेवा. कोणी जात नाही.

(नासुबीचं पुढे काय झालं? तो मूळचा फुकुशिमाचा. २०११ च्या भूकंपानंतर त्याने आपल्या भागासाठी मदतकार्य केलं आणि २०१६ मध्ये चक्क एव्हरेस्ट चढला. हॅट्स ऑफ!)

सांगून केलेला त्रास, न सांगता केलेला त्रास

आता कोणी म्हणेल, त्रास नको तर मग शो कसला? बरोबर आहे. ‘सर्व्हायव्हर’ बघा. २००० पासून अमेरिकेत चाललेला शो. बेटावर सोडतात, मोजका भात, पाऊस, डास, आणि ३९ दिवस टिकायचं (२०२१ पासून २६ दिवस). उपासमार हाच तिथे खेळ आहे, आणि तसं आधी सांगितलेलं असतं. कंबोडियात शूट झालेल्या, २०१६ मध्ये दाखवलेल्या सीझनमध्ये भयंकर उन्हात एका चॅलेंजनंतर तीन जण कोसळले. तेव्हा खेळ बाजूला ठेवून डॉक्टर धावले आणि एका स्पर्धकाला हेलिकॉप्टरने हलवलं. हे सगळं एपिसोडमध्ये दाखवलंसुद्धा. आधी सांगितलेला त्रास असला तरी त्याची हद्द किती असावी यावर वाद घालता येतो, पण निदान तो त्रास सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

खरा लोचा होतो तो न सांगितलेल्या त्रासाचा. नेटफ्लिक्सच्या ‘स्क्विड गेम : द चॅलेंज’चं उदाहरण घ्या. ४५६ स्पर्धक, ४५ लाख ६० हजार डॉलरचं बक्षीस. मूळ मालिका ज्या व्यवस्थेवर आसूड ओढते, त्याच व्यवस्थेचा खरोखरचा गेम शो! पहिला खेळ होता ‘रेड लाइट, ग्रीन लाइट’, म्हणजे आपलं लहानपणीचं स्टॅच्यू. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या बेडफर्डजवळ कार्डिंग्टनच्या प्रचंड हँगरमध्ये, जिथे एके काळी हवाई जहाजं ठेवायचे, तिथे याचं शूटिंग झालं. बाहेर कडाक्याची थंडी. पडद्यावर हा खेळ काही मिनिटांचा. प्रत्यक्षात, स्पर्धकांच्या सांगण्यानुसार, कितीतरी तास चालला. आणि नियम काय, तर हलायचं नाही! पातळ ट्रॅकसूट घालून थंडीत पुतळ्यासारखं उभं राहायचं. तीन जणांना वैद्यकीय मदत लागली, हे निर्मात्यांनीही मान्य केलं. सुरक्षेची सगळी काळजी घेतली होती, असंही त्यांनी सांगितलं. ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा खात्याने चौकशी केली, पुढे कारवाई केली नाही. काही स्पर्धकांनी वकील गाठले.

यातली मेख बघा. थंडी हा त्या खेळाचा भागच नव्हता. ‘कोण जास्त वेळ कुडकुडतं’ अशी स्पर्धा कोणी जाहीर केली नव्हती. टेक लांबले, शेकडो लोकांमधून कोण हललं ते तपासायला वेळ लागला, आणि त्याचं बिल स्पर्धकांच्या हातापायांनी भरलं. पण ज्याला लाखो डॉलर दिसतायत, तो “मला थंडी वाजतेय, मी निघतो” कसा म्हणणार? दार इथेही उघडंच होतं.

२०२४ मध्ये यूट्यूबवाल्या मिस्टर बीस्टच्या ‘बीस्ट गेम्स’बद्दलही असंच. काही स्पर्धकांनी नाव न सांगता अमेरिकेत कोर्टात दावा ठोकला. आरोप काय? पुरेसं जेवण नाही, वेळेवर औषधं नाहीत. खरंखोटं कोर्ट बघेल. पण तक्रारींची यादी वाचली की वाटतं, अरे, ही तर लग्नाच्या वऱ्हाडाची सोय बघताना आपली मावशी करते तसली यादी आहे! जेवणं कधी, औषधं कोणाकडे, झोपायचं कुठे. कोटींच्या बजेटमध्ये नेमकी मावशीच नसते.

दाराची किंमत ५० हजार डॉलर

आणि कधी कधी दाराला चक्क किंमत चिकटवलेली असते.

‘लव्ह इज ब्लाइंड’ आपल्यातल्या अनेकांनी रात्री जागून बघितलाय (खोटं बोलू नका). भिंतीच्या पलीकडच्या माणसाला न बघता त्याच्याशी लग्न ठरवायचं. याच्या दुसऱ्या सीझनमधल्या जेरेमी हार्टवेल या स्पर्धकाने २०२२ मध्ये कोर्टात दावा केला. त्याचं म्हणणं असं : दारू हवी तेवढी, जेवण आणि पाणी मात्र अपुरं. फोन, पाकीट, ओळखपत्रं काढून घेतलेली. शूटिंग दिवसाला वीस-वीस तास. पैसे आठवड्याला हजार डॉलर, म्हणजे तासाला जेमतेम ७ डॉलर, जेव्हा लॉस एंजेलिसमध्ये किमान वेतनच १५ डॉलर होतं. आणि मध्येच शो सोडला तर दंड किती? ५० हजार डॉलर! निर्मात्यांनी आरोप फेटाळले. पण २०२४ मध्ये १४ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय श्रम मंडळाच्या एका विभागीय कार्यालयाने तक्रार दाखल करून म्हटलं, की हे स्पर्धक म्हणजे कर्मचारीच आहेत, आणि त्यांना कर्मचारी न मानणं बेकायदा आहे.

म्हणजे सगळं घोडं इथे अडलंय. कॅमेऱ्यासमोर जगणं हे काम आहे की नाही?

आपल्याला वाटतं, छे, काम कसलं? खातात, पितात, भांडतात, प्रेमात पडतात. पण फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने याचं उत्तर ३ जून २००९ लाच देऊन टाकलंय. ‘टेम्प्टेशन आयलंड’च्या फ्रेंच आवृत्तीतले स्पर्धक कोर्टात गेले होते. निर्मात्यांचा युक्तिवाद असा, की ही तर समुद्रकिनारी मौजमजा! न्यायाधीशांनी वेगळंच विचारलं. उठायची आणि झोपायची वेळ कोण ठरवतं? निर्माता. नियम कोणाचे? निर्मात्याचे. ठरलेल्या कार्यक्रमांना हजर राहणं सक्तीचं आहे? हो. काही सीन पुन्हा करून घेतले? हो. जागा सोडून बाहेर जाता येतं, बाहेरच्यांशी बोलता येतं? नाही. मग ही नोकरीच आहे, आणि नोकरी म्हटली की नोकरीचा कायदा लागू!

ब्रिटनमध्ये स्पर्धकांच्या मानसिक आरोग्याचा विषय फार दुःखद रीतीने ऐरणीवर आला. काही माजी स्पर्धकांच्या आत्महत्यांनंतर ‘लव्ह आयलंड’ने २०१९ मध्ये प्रत्येकाला शोनंतर किमान आठ समुपदेशन सत्रं द्यायचं जाहीर केलं, आणि एप्रिल २०२१ पासून तिथल्या प्रसारण नियामकाने स्पर्धकांची काळजी घेणं हा नियमच केला.

आपल्याकडे? लहान मुलांसाठी नियम आहेत. बालकामगार कायद्याच्या २०१७ च्या नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग तीन तासांहून जास्त विश्रांतीशिवाय ठेवता येत नाही, आणि कमाईतला किमान वीस टक्के वाटा त्याच्या नावाने बँकेत मुदत ठेवीत टाकावा लागतो. छान आहे. म्हणजे मूल थकतं, त्याला भूक लागते, त्याला झोप हवी, हे कायद्याला मान्य आहे. चौदाव्या वाढदिवसाला केक कापला की भूक आणि झोप लागायची थांबते का?

दारापलीकडे काय आहे?

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती टाळून पुढे गेले तर लबाडी होईल. २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’चा पाचवा सीझन सूरज चव्हाणने जिंकला. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा, लहानपणीच आईवडील गमावलेला, रील्समुळे माहीत झालेला मुलगा. १४ लाख ६० हजारांचं बक्षीस, आणि त्याहून मोठं म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राने घेतलेलं नाव. अशा मुलाला आपण कुठल्या तोंडाने सांगणार, की बाबा रे, त्या घरात घड्याळ नव्हतं? जिथे दोन वेळचं जेवण हीच लढाई होती, तिथून आलेल्याला ते घर तुरुंग वाटेलच असं नाही. ऑडिशनच्या रांगा उगाच लागत नाहीत.

पण माझ्या मते यामुळे मुद्दा उलट पक्का होतो. ज्याला बाहेर फारसं काही नाही, त्याच्यासाठी दार सगळ्यात जास्त बंद असतं. ज्याचं घर, बँक बॅलन्स आणि दुसरं काम तयार आहे, तो सेलिब्रिटी रागाच्या भरात “मला जायचंय” म्हणून दार बडवू शकतो. ज्याने गावात सांगून ठेवलंय, ज्याच्यावर घर डोळे लावून बसलंय, तो थंडीत उभाच राहणार. म्हणून झोप, जेवण, डॉक्टर या गोष्टी स्पर्धकाच्या हिमतीवर सोडून चालत नाहीत. त्या शोच्या हिशेबात आधीच धरायला हव्यात. लाइटचं भाडं धरतात तसं.

आणि हे सगळं मी एवढ्या पोटतिडकीने का लिहितेय? कारण हे घर मला लांबचं वाटतच नाही, बॉस! माझी पहिली नोकरी मालाडच्या एका कॉल सेंटरमधली. फ्लोअरला खिडकी नव्हती. आत शिरताना मोबाइल लॉकरमध्ये. भिंतीवर घड्याळं होती, पण न्यू यॉर्क आणि लंडनची. बाथरूमला जायचं तर सिस्टिममध्ये कोड टाकून, मिनिटं मोजून. पहाटे चारला डिनर. आणि ओरिजिनल मार्कशीट एचआरच्या कपाटात, दीड वर्षाच्या बाँडसाठी. घरी रडकुंडीला येऊन सांगितलं की आत्या म्हणायची, “नाही झेपत तर सोड ना, कोणी जबरदस्ती केलीय?” दार तिथेही काचेचं होतं, सेन्सरवर उघडणारं!

फरक एवढाच, की सकाळी सातला कॅब मला घरी सोडायची. आईच्या हातची पोळी मिळायची, पडदे ओढून झोपता यायचं आणि महिन्याअखेरीस पगाराच्या स्लिपवर पीएफ दिसायचा. म्हणजे दिवसातले पंधरा तास मला माझं डोकं परत मिळायचं. त्याच पंधरा तासांत बसून मी दुसरी नोकरी शोधली. त्या घरांमध्ये नेमके हे पंधरा तास नसतात.

ऑडिशनला निघालात?

तुमच्यातले काही जण डान्स, कुकिंग, सिंगिंग, डेटिंग... कशाच्या तरी फॉर्मवर क्लिक करून बसलेच असणार, मला माहितेय. जा की! मजा करा. फक्त जाताना आपल्या अपॉइंटमेंट लेटरला विचारतो ते प्रश्न त्या काँट्रॅक्टलाही विचारा.

सलग किती तास शूट, आणि दोन शूटच्या मध्ये झोपायला किती तास? पाणी आणि जेवण मागितल्यावर मिळणार की टास्क जिंकल्यावर? सेटवर डॉक्टर असेल का, आणि “हिला आता थांबवा” हे शेवटचं कोण बोलणार, डॉक्टर की डायरेक्टर? रोजच्या गोळ्या असतील तर त्या कोणाकडे राहणार? फोन द्यावा लागला तरी आधार कार्ड आणि पाकीट कोणाकडे? घरी काही झालं तर तुमच्यापर्यंत निरोप किती वेळात पोहोचेल? मध्येच सोडलं तर दंड किती, आणि आजारी पडून सोडलं तरी तोच दंड का? शो संपल्यावर ट्रोलिंग सुरू झालं, तर फोन उचलणारं कोणी असेल का?

उत्तरं कागदावर मागा. “अरे, टेन्शन नको, आपण फॅमिली आहोत” हे उत्तर नव्हे. हे वाक्य तुम्ही इंडक्शनच्या दिवशीही ऐकलं होतं. काँट्रॅक्टची एक कॉपी घरी ठेवा, एखाद्या वकील मित्राला वडापाव खिलवून ती वाचून घ्या, आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगून ठेवा, की मी स्क्रीनवर अमुक इतकी विचित्र वागायला लागले तर मला बाहेर काढायला निघ.

आणि सही? ती लगेच, तिथल्या तिथे, रात्री अकरा वाजता ऑडिशन संपल्यावर करू नका. घरी या, पोटभर जेवा, आठ तास झोपा. मग करा.